काळ्या दगडाच्या पोटात

नववीच्या वर्गात पृथ्वीचं अंतरंग शिकवायची वेळ आली की मी फळ्यावर आधी वर्तुळ काढत नाही. चर्चगेट ते विरार अशी रेघ काढते, आणि तीही वरून खाली. मुंबईच्या मुलांना किलोमीटरपेक्षा स्टेशनं लवकर कळतात. लोकल उत्तरेला न जाता सरळ जमिनीत शिरली आहे असं धरून चाला, मी सांगते, आणि कुठे काय लागतं ते बघा. ग्रँट रोड सुटून मुंबई सेंट्रल येईपर्यंत दक्षिण आफ्रिकेतल्या सर्वांत खोल सोन्याच्या खाणी संपतात. म्हणजे चारेक किलोमीटर. जमिनीच्या पोटात माणूस स्वतः याहून फारसा खाली गेलेला नाही. दादर मागे पडून माहीम यायच्या सुमाराला रशियातल्या कोला द्वीपकल्पावरचं भोक संपतं. १९७० साली सुरू झालेलं ते खोदकाम १९८९ मध्ये १२,२६२ मीटरवर पोहोचलं. तिथे खडकाचं तापमान १८० अंश सेल्सिअस निघालं, अंदाजापेक्षा खूपच जास्त, आणि पुढे खोदणं जमेना. बोरिवलीच्या पुढेमागे भूकवच संपतं. विरारला आपण त्याच्या खालच्या थरात, प्रावरणात असतो. आणि विरार म्हणजे पृथ्वीच्या मध्यापर्यंतच्या वाटेचा एक टक्कासुद्धा नाही, कारण मध्य ६,३७१ किलोमीटरवर आहे.

इथे एखादा हात वर होतोच. "बाई, मग खालचं पाहिलंय कुणी?"

हा प्रश्न आला की मला बरं वाटतं. पाठ्यपुस्तकातलं ते रंगीत चित्र फार ठाम असतं. वर बारीक पट्टी, मग नारिंगी प्रावरण, मग लाल बाह्यगाभा, मध्ये पिवळा अंतर्गाभा. मुलं ते काढतात, रंगवतात, नावं देतात, तीन मार्क मिळवतात आणि विसरतात. कुणी कधी न पाहिलेली गोष्ट इतक्या खात्रीने काढता कशी येते, हा त्या धड्यातला सगळ्यात सुंदर भाग. नेमका तोच राहून जातो.

पृथ्वीचं पोट कुणी पाहिलेलं नाही. ते ऐकलं आहे.

या ऐकण्याची सुरुवात बरीचशी आपल्याच देशातली आहे. १२ जून १८९७ रोजी आसामात प्रचंड भूकंप झाला. शिलाँगमधली दगडी बांधकामं जमीनदोस्त झाली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात तेव्हा रिचर्ड ओल्डहॅम नावाचे अधिकारी होते. त्यांचे वडील थॉमस ओल्डहॅम याच सर्वेक्षणाचे पहिले प्रमुख. म्हणजे घरातच दगडांचा अभ्यास. रिचर्ड ओल्डहॅम यांनी त्या भूकंपावर मोठा अहवाल लिहिला आणि तो लिहिताना हजारो किलोमीटर दूर युरोपातल्या यंत्रांवर उमटलेल्या रेघाही तपासल्या. त्यांच्या लक्षात आलं की एकाच भूकंपाचा हादरा दूरवर पोहोचताना वेगवेगळ्या टप्प्यांत पोहोचतो. आधी एक वेगवान लहर येते, जी वाटेतल्या पदार्थाला पुढेमागे दाबत आणि सोडत येते. तिच्या मागून दुसरी, जरा सावकाश, पदार्थाला आडवं हलवणारी. सगळ्यात शेवटी पृष्ठभागावरून येणाऱ्या लहरी. पुस्तकात प्राथमिक, दुय्यम आणि भूपृष्ठ लहरी अशी पाठ करायची नावं येतात, ती ही.

मग १९०६ मध्ये ओल्डहॅम यांनी जगभरच्या नोंदी मांडून दाखवलं की पृथ्वीच्या मध्याजवळून जाणाऱ्या लहरी हिशेबापेक्षा उशिरा पोहोचतात. वाटेत काहीतरी वेगळं आहे, जे त्यांना अडवून मंद करतं. ते म्हणजे गाभा. तीन वर्षांनी, १९०९ मध्ये, झाग्रेबजवळच्या भूकंपाच्या नोंदी वाचताना आंद्रिया मोहोरोविचिच यांना उलटं दिसलं: काही खोलीच्या खाली लहरींचा वेग एकदम वाढतो. कवच तिथे संपतं. १९२६ मध्ये हॅरल्ड जेफ्रीज यांनी बाह्यगाभा द्रव असल्याचं मांडलं. दुय्यम लहर द्रवातून जाऊ शकत नाही, कारण द्रवाला आडवं ओढलं तर तो परत मूळ जागी येण्याचा हट्ट धरत नाही, सरकून जातो. आणि भूकंपाच्या जागेपासून पृथ्वीच्या पार पलीकडच्या बाजूला दुय्यम लहरी पोहोचतच नव्हत्या.

शेवटचा तुकडा डेन्मार्कच्या इंगे लेमान यांनी जोडला. १९२९ मध्ये न्यूझीलंडला झालेल्या भूकंपाच्या काही फार क्षीण लहरी अशा ठिकाणी नोंदल्या गेल्या होत्या, जिथे त्या पोहोचायलाच नको होत्या. कुणीही दुर्लक्ष केलं असतं अशा त्या बारीक थरथरीवरून लेमान यांनी १९३६ मध्ये सांगितलं की द्रव गाभ्याच्या आत आणखी एक गोळा आहे आणि लहरी त्याच्यावरून परतत आहेत. आज आपण म्हणतो की तो घन आहे, त्याची त्रिज्या सुमारे १,२२० किलोमीटर आहे आणि तिथलं तापमान ५,००० अंशांच्या वर असूनही प्रचंड दाबामुळे लोखंड वितळू शकत नाही. लेमान १९९३ मध्ये वारल्या, १०४ वर्षांच्या होऊन. त्यांचं नाव मी मुलींना मुद्दाम फळ्यावर लिहायला लावते. दुसऱ्यांनी सोडून दिलेलं वाचण्याची चिकाटी कशी असते, हे त्यांना कळावं म्हणून.

त्या काळात आपलं कुलाबाही ऐकत होतं. तिथल्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भूकंपमापक बसला होता. त्या वेधशाळेकडे मला परत यायचं आहे, पण त्याआधी प्रावरणाची एक गोष्ट सांगितली पाहिजे.

पायाखाली तीसचाळीस किलोमीटर गेलं की लाव्ह्याचा उकळता समुद्र लागतो, अशी बहुतेकांची समजूत असते. मोठ्यांचीसुद्धा. प्रावरण घन आहे. दुय्यम लहरी त्यातून आरामात जातात, म्हणजे ते खडकच आहे, २,८९० किलोमीटर खोलीपर्यंत. पण तापलेला, दाबाखालचा हा खडक लाखो वर्षांच्या हिशेबात वाहतो, वर्षाला काही सेंटिमीटर. खालचा गरम भाग वर चढतो, वरचा निवलेला खाली बुडतो. ज्या खडकावर घण मारला तर ठिणगी उडेल तोच खडक पुरेसा वेळ दिला तर सरकतो, ही गोष्ट मनाला पटायला मला स्वतःला बराच काळ जावा लागला, आणि पटल्यावर पृथ्वीकडे बघण्याची नजर कायमची बदलली. मग लाव्हा येतो कुठून? प्रावरणाचा गरम भाग वर येताना त्याच्यावरचा दाब कमी होतो, आणि दाब उतरल्यामुळे तो थोडा वितळतो. नव्याने उष्णता द्यावी लागत नाही, ओझं उतरलं तरी पुरतं.

साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हे जगात जिथे सगळ्यात मोठ्या प्रमाणावर घडलं, त्यातल्या एका जागी आपण राहतो.

दख्खनचा लाव्हा शंकूसारख्या डोंगराच्या तोंडातून उसळला असं चित्र डोळ्यांपुढे आणू नये. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि पातळ, वाहता लाव्हा त्यांतून बाहेर येऊन मैलोगणती पसरत गेला. एक थर थिजला, वर दुसरा आला. बहुतेक सगळा लाव्हा १० लाख वर्षांहूनही कमी काळात बाहेर पडला, आणि आज इतकी झीज होऊनही तो सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर उरला आहे. सह्याद्रीच्या बाजूला त्याची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या वर भरते. कसाऱ्याच्या किंवा बोरघाटात गाडीच्या खिडकीतून समोरच्या कड्यावर एकावर एक आडव्या पायऱ्या दिसतात, त्या या लाव्ह्याच्या. आपले गड त्याच पायऱ्यांवर उभे आहेत. कडा तासलेला, माथा सपाट, ही गडाला हवी तशी रचना लाव्ह्याने आधीच करून ठेवली होती.

माझ्या आजीच्या लालबागच्या खोलीत हा लाव्हा स्वयंपाकघरात होता. पाटा काळाभोर, वरवंटा त्याच दगडाचा. वापरून गुळगुळीत झाला की चटणी नीट वाटली जायची नाही, मग चाळीच्या जिन्यातून "टाकीऽऽये" अशी हाक कधी येते याची आजी वाट बघायची. टाकीवाली गॅलरीत बसायची, पाटा पायाशी आडवा घ्यायची आणि छिन्नी-हातोडीने एका सुरात ठोके देत जायची. मी शेजारी बसून बघत असे, डोळ्यांत कण जाईल म्हणून आजी ओरडत असे. एकदा टाकीवाली म्हणाली, "दगड घट्ट हाय आजी, असा आता मिळत न्हाई." पाट्याच्या एका कडेला नखाएवढे पांढरे ठिपके होते. त्यावर टाकी पडली की पांढरी भुकटी उडायची आणि तिथे खळगा पडायचा. ती त्या ठिपक्यांना वळसा घालून पुढे जायची.

ते ठिपके काय होते ते मला कॉलेजात गेल्यावर समजलं. लाव्हा वाहताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात आणि तो थिजला की त्या जागी पोकळ्या राहतात. पुढे खडकातून झिरपणारं गरम पाणी विरघळलेली खनिजं आणून त्या पोकळ्यांत हळूहळू भरतं. पांढरी, कधी गुलाबी, कधी हिरवट. त्यांतल्या बऱ्याच खनिजांना झिओलाइट म्हणतात. पुणे, नाशिक, जळगाव इथल्या खाणींतले त्यांचे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत आहेत, आणि आपल्या मालाड-कांदिवलीच्या खाणीही त्यासाठी नावाजलेल्या होत्या. आजीच्या पाट्यावर मात्र ते चटणीत खर येण्याचं कारण होतं, म्हणून तिला आवडत नसत.

मला वाटतं मुंबईच्या शाळांनी पृथ्वीचं अंतरंग इथूनच शिकवायला सुरुवात करावी. ते काही हजारो किलोमीटर खाली दडून बसलेलं नाही. त्याचा एक मोठा हिस्सा वर आला आहे आणि आपण त्याच्यावर इमारती बांधल्या आहेत. प्रावरणाचा वितळलेला अंश म्हणजे हा काळा दगड. फूटपाथच्या कडेला, पेव्हर ब्लॉकांच्या खाली घातलेल्या खडीत, रेल्वेच्या रुळांखाली, एलिफंटाच्या लेण्यांत, सगळीकडे तोच.

अर्थात मुंबईचा दगड सगळा एकसारखा नाही, आणि हेच मुंबईचं वेगळेपण. सह्याद्रीच्या मुख्य लाव्ह्यानंतर, समुद्राच्या कडेला, आणखी काही काळ इथे उद्रेक होत राहिले. काही शिलारस, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, कवचातच अडकून पडला, तिथे निवत निवत त्याची घडण बदलली, सिलिकाचं प्रमाण वाढलं. मग तो बाहेर पडला तेव्हा त्याचा रंग फिका, पिवळसर निघाला. मालाड स्टोन म्हणून ज्याला मुंबईचे जुने बांधकामवाले ओळखत, तो हा ट्रॅकाइट. फोर्टातल्या कितीतरी इमारतींच्या भिंती त्याच्या आहेत. विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरला कुर्ल्याचा पिवळट दगड आहे. तिथून जाताना काळ्या आणि पिवळ्या दगडांची जोडी बघावी. एक सरळ प्रावरणातून घाईने आलेला, दुसरा वाटेत मुक्काम करून आलेला. वरळीच्या टेकडीत तर दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात साचलेला गाळ आहे, आणि त्या गाळात एकोणिसाव्या शतकातच छोट्या बेडकांचे जीवाश्म सापडले. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये डबकी होती, त्यात बेडूक होते. मला ही माहिती पहिल्यांदा वाचली तेव्हा इतका आनंद झाला होता की मी शेजारच्या काकूंना बोलावून सांगितली होती.

अंधेरी पश्चिमेला गिल्बर्ट हिल आहे. माझी शाळा तिथून फार लांब नाही. सुमारे ६१ मीटर उंचीचा, अंगावर उभ्या खांबांच्या घड्या असलेला काळा सुळका, माथ्यावर गावदेवीचं मंदिर. जवळ जाऊन हात लावला तर कळतं की खांब वेगवेगळे सुटे आहेत, बहुतेकांना पाच किंवा सहा बाजू आहेत आणि दोन खांबांच्या मधली चीर सरळ वरपर्यंत गेली आहे. जाड थरातला लाव्हा सावकाश निवतो, निवताना आकसतो, आकसताना त्याला सारख्या अंतरावर तडे जातात, आणि निवण्याचा भाग आत आत सरकेल तसे तडेही सरळ आत वाढतात. सहा बाजू येतात कारण कमीत कमी तड्यांत सगळीकडचा ताण त्यामुळेच मोकळा होतो. अमेरिकेत वायोमिंगमध्ये डेव्हिल्स टॉवर म्हणून असाच खांबांचा डोंगर आहे. १९०६ मध्ये त्या देशाने त्याला पहिलं राष्ट्रीय स्मारक केलं.

आपल्याकडे या टेकडीच्या भोवतीचा दगड वर्षानुवर्षं खाणीसाठी फोडला गेला. २००७ मध्ये महापालिकेने तिला वारसा स्थळाचा दर्जा दिला तोवर तिच्या बाजू पार तासून झाल्या होत्या. आज पायथ्याला इमारती आणि झोपड्या इतक्या खेटून आहेत की खांब नीट दिसेल अशी जागा शोधावी लागते. मी हे रागाने लिहीत आहे हे लपवत नाही. सहा कोटींहून जास्त वर्षांचा दस्तऐवज आम्ही खडी करून रस्त्यात घातला. तिथे राहणाऱ्या लोकांचा यात दोष नाही, त्यांना शहराने दुसरी जागा दिली नाही. पण शाळेच्या सहलीच्या बसला तिथे थांबायला जागा असावी, एक फलक मराठीत असावा, खांबांवर काय लिहिलंय ते वाचून दाखवणारं कुणीतरी असावं, इतकं मागणं फार नाही.

त्या दगडात काय काय लिहिलंय? प्रावरण तर झालंच. गाभाही आहे त्यात.

बाह्यगाभ्यातलं वितळलेलं लोखंड सतत घुसळलं जातं. खालून निवत जाणारी उष्णता त्याला हलवते, पृथ्वीचं स्वतःभोवती फिरणं त्या हालचालीला वळण देतं, आणि वाहत्या धातूत वीज वाहू लागून पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. होकायंत्राची सुई उत्तरेला वळते ती २,८९० किलोमीटर खालच्या त्या घुसळणीमुळे. आपल्या काळ्या दगडात, म्हणजे बेसॉल्टमध्ये, मॅग्नेटाइट या चुंबकीय खनिजाचे बारीक कण असतात. लाव्हा निवताना हे कण त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून बसतात आणि पुढे सोडत नाहीत. सुई पृथ्वीवर सगळीकडे आडवी राहत नाही. विषुववृत्ताच्या उत्तरेला तिचं एक टोक खाली झुकतं, दक्षिणेला दुसरं, आणि ध्रुवाकडे जावं तसा झुकाव वाढतो. म्हणून दगडातल्या झुकावावरून तो कुठल्या अक्षांशावर थिजला ते काढता येतं. १९५०च्या दशकात ब्रिटिश संशोधकांनी आणि त्यानंतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी दख्खनच्या दगडांची ही मोजणी केली. उत्तर असं आलं की हा लाव्हा थिजला तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता.

आज मादागास्करच्या पूर्वेला रियुनियन नावाचं बेट आहे, त्यावरचा ज्वालामुखी अजून जागा आहे. दख्खनचा लाव्हा ज्या खोलवरच्या उष्ण स्रोतातून आला तोच हा, असं बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. भारत ज्यावर आहे तो भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या वरच्या कठीण थराचा मोठा तुकडा, त्याच्यावरून उत्तरेला सरकत गेला आणि मागे लक्षद्वीप, मालदीव, छागोस अशी ज्वालामुखींची रांग सोडत गेला; ती आता प्रवाळांनी झाकली आहे. चार हजार किलोमीटरहून जास्त अंतर. दगडात तेवढ्या प्रवासाची नोंद आहे आणि ती नोंद गाभ्याने केली आहे. काही थरांत तर सुईची उत्तर आणि दक्षिण उलटी आहे, कारण त्या काळात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्रच उलटं होतं.

आता कुलाबा. तिथल्या वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी घेतल्या जात होत्या. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरच्या स्फोटामुळे पृथ्वीवर जे जबरदस्त चुंबकीय वादळ आलं, त्याची कुलाब्यात हाताने टिपलेली नोंद आजही जगभरचे शास्त्रज्ञ वापरतात. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत विजेच्या ट्राम यायच्या ठरल्या. ट्रामच्या विजेने नाजूक चुंबक हलले असते. तेव्हा वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस होते, त्या पदावरचे पहिले भारतीय. त्यांनी समुद्रापलीकडे अलिबाग निवडलं आणि तिथे नवी वेधशाळा उभी केली. इमारतीला स्थानिक काळा दगड वापरता येत नव्हता, कारण तो स्वतःच चुंबकीय. म्हणून चुंबकीय गुण नसलेला पोरबंदरचा दगड आणला. आणि मूस यांनी १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, नवी मालिका जुनीला बिनचूक जोडली जावी म्हणून. १९०७ मध्ये ट्राम धावली. अलिबागच्या नोंदी आजही चालू आहेत, भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे. जवळपास १८० वर्षांची अखंड मालिका. अलिबागला आपण शहाळं प्यायला आणि किल्ला बघायला जातो. पृथ्वीच्या गाभ्यात काय चाललंय याची इतकी जुनी रोजनिशी त्या गावात आहे, हे कळल्यापासून मी तिकडे जरा वेगळ्या मनाने जाते.

तिसरी गोष्ट दगडाच्या कलण्यात आहे. लोणावळ्याच्या बाजूला लाव्ह्याचे थर आडवे आहेत. पनवेलच्या पश्चिमेला आलं की ते समुद्राकडे कलू लागतात, मुंबईत तर चांगलेच उतरते होतात. भूवैज्ञानिक याला पनवेल फ्लेक्शर म्हणतात. लाव्ह्याचा मुख्य काळ संपता संपता सेशेल्सचा भूखंड भारतापासून तुटून दूर गेला. कवच ताणलं गेलं, पातळ झालं, कडा खाली झुकली, आणि मध्ये अरबी समुद्राचा तळ तयार झाला. मुंबई ही तुटलेली कडा आहे. मरीन ड्राइव्हवर बसून पश्चिमेला बघताना समोर जे पाणी असतं, त्याच्या पार पलीकडे आपल्याच कवचाचा एक तुकडा बेटं होऊन बसला आहे.

तो भूपट्ट अजून थांबलेला नाही. वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर तो उत्तरेला रेटतो आहे आणि हिमालय त्या रेट्यात उभा आहे. २६ जानेवारी २००१ला सकाळी पावणेनऊच्या सुमारास ध्वजवंदन आटोपून मी घरी चहा घेत होते तेव्हा पंखा बंद असून डोलायला लागला. कपाटाची काच बारीक वाजत राहिली. वरच्या मजल्यांवरची माणसं जिन्यातून धावत खाली येत होती, तळमजल्यावरच्या काहींना काहीच जाणवलं नव्हतं. दूरच्या मोठ्या भूकंपाच्या लहरी सावकाश हेलकाव्यांच्या असतात आणि उंच इमारती त्यांना जास्त साथ देतात. दुपारपर्यंत भुजच्या बातम्या येऊ लागल्या. त्याआधी ११ डिसेंबर १९६७ला कोयना आणि ३० सप्टेंबर १९९३ला किल्लारी. किल्लारीत सुमारे १० हजार माणसं गेली. कोयनेनंतरही, किल्लारीपर्यंत, दख्खनचं पठार अढळ आहे असं बरेच जण मानत होते. त्या पहाटेनंतर ते मानणं संपलं. कोयनेला आता काळ्या दगडाचा सव्वा किलोमीटर थर भेदून, त्याच्या खालच्या कितीतरी जुन्या ग्रॅनाइटमध्ये, तीन किलोमीटर खोल भोक पाडून अभ्यास चालला आहे. माझ्या विद्यार्थ्यांपैकी कुणी तिथे काम करायला गेलं तर मला फार आवडेल.

गेल्या वर्षी गिल्बर्ट हिलच्या पायथ्याशी एका मुलाने खांबाला हात लावून विचारलं, "बाई, हा आतून अजून गरम असेल का?" हा दगड कधीच निवला, मी म्हणाले, पण पृथ्वी निवलेली नाही. तिच्या पृष्ठभागातून सतत सुमारे ४७ टेरावॅट, म्हणजे ४७ लाख कोटी वॅट, उष्णता बाहेर पडते. जवळपास निम्मी खडकांतल्या युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियमच्या किरणोत्सर्गातून येते, बाकीची तिच्या जन्मापासून साठलेली. भूपट्ट सरकतात, गाभा घुसळतो, ते या उष्णतेवर. कवचात खाली जावं तसं दर किलोमीटरला २५ ते ३० अंशांनी तापमान वाढतं. त्याला ते आकडे पुरेनात. "म्हणजे हाताला कुठे लागेल?" असं त्याने पुन्हा विचारलं.

हाताला लागेल अशी जागा आहे, मुंबईपासून दोनेक तासांवर. वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी, तानसा नदीच्या काठची कुंडं. तिथून थेट रत्नागिरीपर्यंत कोकणात गरम पाण्याचे झरे ओळीने आहेत, आणि ती ओळ त्याच ताणलेल्या, भेगाळलेल्या कडेने जाते. पावसाचं पाणी भेगांतून खाली उतरतं, तापतं आणि दुसऱ्या भेगांतून परत वर येतं. जवळ ज्वालामुखी नाही, त्याची गरजही नाही, खोली पुरते. कुंडातल्या पाण्याचं तापमान मोजलं, त्यातून आपल्याकडच्या जमिनीचं नेहमीचं तापमान वजा केलं आणि दर किलोमीटरच्या वाढीने भागलं, तर पाणी कमीत कमी किती खाली जाऊन आलं ते नववीच्या गणितात बसतं. कमीत कमी म्हणायचं, कारण वर येताना ते थोडं निवतंच.

या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्ग तिकडे न्यायची परवानगी मिळाली आहे. प्रयोगशाळेतले १०० अंशांचे थर्मामीटर बाजूला काढून ठेवलेत. तीन गट केलेत, प्रत्येक गटाला एक गाव, आणि त्या मुलाला गणेशपुरी हवी आहे.